पेरलेली लहर

धूळवालीचं आणि तिच्या नणंदेचं अकरा वर्षांत एकदाही पटलं नाही. दोघींच्या मधे सापडलेला धूळवालीचा नवरा दातांचा डॉक्टर. दिवसभर दुसऱ्यांचे जबडे उघडायचे आणि घरी आल्यावर स्वतःचा मिटून ठेवायचा, ही कला त्यानं साधली होती.

'धूळवाली' हे नाव नणंदेनंच ठेवलेलं. विश्व जन्मल्याबरोबर क्षणार्धात प्रचंड फुगलं, त्या फुगण्याची खूण आकाशातल्या सगळ्यात जुन्या प्रकाशात शोधायची, हे वेधशाळेतल्या गटाचं काम. आणि आपल्याच आकाशगंगेची धूळ त्या प्रकाशाच्या नकाशात मिसळते ती निपटून काढायची, हे भावजयीचं. "आम्ही विश्वाचा उगम सांगतो, ही केर काढते," असं नणंद भर चहाच्या टेबलावर म्हणाली होती. सगळे हसले होते. हसणाऱ्यांत दातांचा डॉक्टरही होता, हे धूळवाली विसरली नव्हती.

नणंद शेजारच्या इमारतीत बसून स्ट्रिंग थिअरीची गणितं करायची. तिच्या मते ते फुगणं गुळगुळीत घसरगुंडीवरून झालंच नाही. घसरगुंडीला बारीक बारीक उंचवटे होते, आणि म्हणून जुन्या प्रकाशाच्या आलेखात एक ठरावीक लहर दिसायलाच हवी. लहरीचा आकडाही तिनं काढला होता, अठ्ठावीस पूर्णांक सहा. सतरा वर्षं ती त्या एका आकड्यावर बसून होती. लहर दिसली तर नाव राहणार. आलेख सपाट निघाला तर सतरा वर्षं पाण्यात.

आता गटाची एक रीत होती. आपल्याला हवं तेच दिसू नये म्हणून खरा निकाल संगणकात कुलूपबंद ठेवायचा. त्याला सगळे पेटी म्हणत. रोज ज्या आलेखावर काम करायचं, त्यात एक खोटी लहर मुद्दाम पेरायची; आपलं गणित ती पकडतं का हे पाहायला. हे गटाबाहेर कुणालाच ठाऊक नसे. पेरायचा आकडा यंत्रानं चिठ्ठी काढल्यासारखा काढायचा, माणसानं नाही. पेरण्याचं काम धूळवालीकडं, कारण तिच्याइतके स्वच्छ हात गटात कुणाचे नाहीत, असं गटप्रमुख म्हणायचे.

त्या स्वच्छ हातांनी तिनं अठ्ठावीस पूर्णांक सहा टाइप केला होता. चहाच्या टेबलावरच्या त्या टोमण्याच्या दुसऱ्याच दिवशी. 'हीच लहर सापडते का ते पाहिलेलं बरं,' अशी स्वतःची समजूतही घातली. पण खरं कारण तिला पक्कं माहीत होतं. पेटी उघडेल त्या दिवशी तो आकडा सगळ्यांसमोर पडद्यावर यावा, पुसला जावा, आणि नणंदेनं ते बसल्या जागी बघावं. हे तिला हवं होतं, आणि फार हवं होतं.

मग तो रविवार आला. नणंदेकडं जेवायला गेल्यावर धूळवालीनं रोजच्या आलेखासकट लॅपटॉप बैठकीत उघडाच सोडला. हात धुऊन आली तर त्याचा पडदा कुणीतरी कललेला.

"घे गं अजून थोडं," नणंद म्हणाली. "किती वाळलीयेस!"

अकरा वर्षांत जिनं टोमण्याशिवाय काही वाढलं नाही, ती बाई पातेलं घेऊन उभी होती! मांजर डोळे मिटून दूध पितं ते असं. धूळवालीला कळून चुकलं. हिनं पाहिलं. पेरलेली लहर पाहिली आणि खरी मानली.

सांगून टाकावं का? 'ताई, ती खोटी आहे,' एवढं पुरलं असतं. पण मग 'आकडा माझाच कसा?' हेही आलंच असतं. काही न सांगता तिनं ताट पुढं केलं, आणि खोटं कशाला बोला, तिला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

पेटी उघडायच्या दिवशी नणंद ठेवणीतले कपडे घालून आली. तिची गाडी दुरुस्तीला गेलेली, म्हणून भावजयीच्या गाडीतून. वेधशाळेच्या संचालकांनाही तिनं ओढून आणलं होतं. "आज बसाच तुम्ही, सर."

गटप्रमुखांनी पेरणीची रीत सांगितली आणि पेरलेली लहर दाखवली. खाली आकडा होता. कुणीतरी हसलं, "मॅडम, हा तर तुमचाच की!"

"यंत्राची गंमत," म्हणत गटप्रमुखांनी कळ दाबली. लहर गेली. खाली राहिलेला आलेख इस्त्री केल्यासारखा सपाट होता.

धूळवालीनं नणंदेकडं पाहिलं. चेहरा पांढराफटक, हात मांडीवर उघडे पडलेले. वाटलं होतं तितकं ते गोड लागलं नाही. तरी लागलं.

मग नणंदेची नजर आकड्यावर गेली, तिथून भावजयीवर आली आणि तिथंच राहिली.

रीतीत शेवटी सही असते. एक कागद फिरतो: 'पेटी उघडण्याआधी मी पाहू नये ते पाहिलेलं नाही, हातानं काही घातलेलं नाही.' पाहुण्यांनीही सही करायची. नणंदेनं कागदावर बराच वेळ लिहिलं आणि तो टेबलावरून ढकलला.

"रविवारी हिच्या लॅपटॉपवर मी चोरून पाहिलं, तसं लिहिलंय," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. संचालक खुर्चीत ताठ झाले. "आता तुम्ही करा, वहिनीबाई. स्वच्छ हातांनी."

आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करायला छाती लागते, हे धूळवालीनं मनात मान्य केलं. यंत्राची नोंद कुणी तपासली नसती. खोटी सही पचली असती. पण मिरवायला तिच्याकडं ते स्वच्छ हात तेवढेच होते. 'आकडा मी स्वतः घातला,' असं लिहून तिनं सही केली.

गटप्रमुखांनी कागद दोनदा वाचला. "बाद," ते म्हणाले. "सगळं बाद. हातानं आकडा घातला तर मोजणी बाद, हा नियम तुम्हीच लिहिला होता ना?" हो, तिनंच लिहिला होता. आता नवी मोजणी, नवी पेटी, म्हणजे तीन वर्षं. पेरण्याचं काम त्यांनी उभ्या उभ्या दुसऱ्याला देऊन टाकलं.

परत जायला गाडी एकच. दुसरा सिग्नल लाल लागला.

"खाली खरंच सपाट होतं?" नणंदेनं खिडकीबाहेर बघत विचारलं.

"सपाट होतं."

"पण आता तसं कुणाला म्हणता येणार नाही."

धूळवालीचा पाय ब्रेकवर तसाच राहिला. लहर नाही, हे अख्ख्या खोलीनं पाहिलं होतं, आणि तिच्याच सहीनं ते न पाहिल्यात जमा झालं होतं.

"म्हणून लिहिलंत तुम्ही?"

"पुढच्या वर्षी मी निवृत्त होतेय." नणंदेचा आवाज फाटला होता, पण मान ताठ होती. "तोवर माझी लहर जिवंत आहे. हिरवा लागलाय, चालव."