सहलीचं ध्रुपद

संपतआप्पांच्या घरातून आजवर जी जी गाडी बाहेर पडली, ती एक तर देवाला गेली, नाही तर लग्नाला. त्यामुळे त्यांच्या सुनेनं, मोनालीनं, एकदा जेवताना आपण सगळे चार दिवस कोकणात जाऊ, समुद्राच्या कडेकडेनं फिरू, असं काढलं तेव्हा आप्पांनी पहिला प्रश्न विचारला की तिकडे आपलं कोण आहे? मोनाली दौंडची, रेल्वेतल्या बापाची लेक. पासावर अर्धा हिंदुस्थान हिंडून आलेली. ती म्हणाली, कोणी नाही, म्हणून तर जायचं.

वडगाव रासाईला भीमेच्या काठी आप्पांचा ऊस आणि थोडा कांदा. पण गावात त्यांची ओळख उसाची नव्हती, टाळाची होती. आसपास कुठेही सप्ताह असो, कीर्तनकाराच्या मागे उभ्या राहणाऱ्या टाळकऱ्यांत आप्पा उजव्या अंगाला पहिले. महाराजांनी चरण नुसता सुचवायचा अवकाश, आप्पांनी तो वर उचललाच म्हणून समजा. गावचा सप्ताह आखायचं कामही वर्षानुवर्षं त्यांच्याचकडे. कोणत्या दिवशी कोणाचं कीर्तन, कोणाची पंगत, मंडप कुणाचा, हे सगळं त्यांच्या डोक्यात बसलेलं. तेव्हा सहलीची आखणीही आपसूक त्यांच्याकडे आली, आणि त्यांनी ती सप्ताहासारखीच करायला घेतली.

मोनाली मोबाइलवर नकाशा बोटांनी मोठा करून रस्ता दाखवायची. ताम्हिणी घाट उतरायचा, दिवेआगरला समुद्र गाठायचा आणि मग तो उजव्या हाताला ठेवून चालायला लागायचं. श्रीवर्धन, हरिहरेश्वर, तिथून फेरीबोटीनं खाडी ओलांडून केळशी, आंजर्ले, हर्णै, पुन्हा एक बोट आणि गुहागर. आप्पा एकेका गावाचं नाव ऐकत आणि तिथे थांबायचं ते कुणासाठी, असं विचारत. ज्या गावाला थांबायला माणूस नाही, ते गाव म्हणजे त्यांना कीर्तनाविना गेलेला दिवस वाटे.

माणसं मिळतही गेली. मुलाला, विश्वजीतला, हर्णैला माशांचा लिलाव बघायचा होता. माळकऱ्याच्या घरात 'बघायचा' हा शब्द त्यानं जपून वापरला आणि आप्पांनीही तो तितकाच जपून ऐकला. मोनालीला दिवेआगरच्या सुपारीच्या वाड्यांत फोटो काढायचे होते. गाडी ठरली मांडवगण फराट्याच्या शेखलालची. भजनी मंडळाला इतकी वर्षं गावोगाव वाहून शेखलालला निम्मे अभंग पाठ झाले होते. त्याची हौस वेगळीच निघाली. त्याला आपली गाडी बोटीवर चढवायची होती. "आप्पा, हिनं घाट बघितलं, चिखल बघितला," तो बॉनेटवर थाप मारून म्हणाला, "आता एकदा पाण्यात घालू हिला."

आणि आप्पांची स्वतःची हौस म्हणजे दत्तागुरुजी. गुरुजी मूळचे इकडच्याच निमोण्याचे. नोकरीनं कोकणात गेले ते केळशीच्या अलीकडच्या एका शाळेवर तिथलेच होऊन राहिले. गावातल्या देवळाच्या उत्सवात वर्षातून एक रात्र त्यांचं कीर्तन असे. तिकडची मंडळी मोठी गोड, प्रेमानं ऐकणारी, पण आपल्याकडच्या चाली काही त्यांच्या गळ्यात बसत नव्हत्या. गुरुजी चरण टाकायचे आणि मागून तो नीट वर यायचाच नाही. आप्पा, एकदा येऊन पाठीमागं उभे राहा, असं ते दर वर्षी फोनवर म्हणत. यंदा उत्सव नेमका सहलीच्या दिवसांत आला. आप्पांनी शब्द दिला आणि त्याच दुपारी टाळांना नवी दोरी ओवली.

कस्तुराबाईंना सगळ्यात शेवटी विचारलं. त्या पडवीत हरभऱ्याची भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला एक सांज समुद्राच्या काठाला बसायचंय. दिवस बुडंस्तवर. दुसरं काय न्हाई."

आप्पा हसले. अगं, समुद्र तर रस्ताभर खिडकीत आहे, बघून बघून कंटाळशील, म्हणाले. ही मागणी त्यांना इतकी सोपी वाटली की ती वेगळी लक्षात ठेवायचीही त्यांना गरज वाटली नाही.

मग विश्वजीतच्या कारखान्यात नवं मशीन आलं आणि चार दिवसांच्या रजेचे दोन झाले. शनिवारी पहाटे निघायचं आणि रविवारी रात्रीपर्यंत घरी. आता छाटाछाट आली. आप्पांनी सप्ताह पाच दिवसांवर आणताना करतात तशी ती बिनबोभाट केली. गुहागर गेलं. हर्णै गेलं, आणि विश्वजीतनं दोन दिवस तोंड पाडलं. उरलं ते असं की दिवेआगरला उभ्या उभ्या फोटो, हरिहरेश्वरला दर्शन, तिथून लगोलग बोट धरून पलीकडे, रात्री गुरुजींचं कीर्तन, सकाळी माघारी.

"सांज कुठं गेली?" कस्तुराबाईंनी विचारलं.

आप्पांकडे उत्तर तयार होतं. सांज बोटीत. आपण पाण्यावर आणि तिकडे दिवस बुडतोय, याच्यापरीस चांगलं काय असतं?

"बरं," असं म्हणून कस्तुराबाई ताट उचलून आत गेल्या. त्यांचं 'बरं' दोन तऱ्हांचं असे आणि आप्पांना दोन्ही ओळखू येत. त्या दिवशी त्यांनी ते सोयीचं ओळखलं.

निघायच्या आधीच्या आठवड्यात मांडवगणात सप्ताहाची सांगता होती. काल्याच्या कीर्तनाला दौंडकडचे एक तरुण महाराज बोलावले होते. त्यांचं नाव आताशा मोबाइलवर फार गाजत होतं. मंडप खच्चून भरला. आप्पा नेहमीच्या जागी, उजवीकडे पहिले. कस्तुराबाई बायकांत, आणि शेखलाल मंडपाच्या कडेला, खुर्ची उलटी करून बसलेला.

महाराजांनी अभंग घेतला. अभंगाची पहिली ओळ म्हणजे ध्रुपद. कीर्तनकारानं मग दृष्टान्त सांगत कुठेही जावं, पुराणात जावं, चावडीवर जावं, लोकांना हसवावं, रडवावं. पण फिरून फिरून त्यानं ध्रुपदावर यायचं असतं. तो आला की मागचे टाळकरी ती ओळ उचलतात, मृदंग चढतो आणि मघापासून ऐकलेलं सगळं त्या एका ओळीत येऊन बसतं. ऐकणाऱ्याला भरून येतं ते त्याच ठिकाणी. या महाराजांनी सासू-सुनेची गोष्ट सांगितली, मोबाइलवेड्या पोरांची सांगितली, निवडणुकीतल्या उमेदवाराची नक्कल केली. लोक पोट धरून हसले. आप्पा टाळ छातीशी धरून उभे होते. ओळ ओठावर आलेली. आता येतील, आता येतील, असं म्हणता म्हणता महाराजांनी घड्याळ बघितलं, घाईघाईनं जयघोष केला आणि दहीहंडी फोडली. ध्रुपद राहिलं ते राहिलंच.

परतताना गाडीत आप्पा पुढे बसले होते आणि बोलायचे थांबत नव्हते. आवाज चांगला, पाठांतर चांगलं, मान्य; पण ज्याच्यासाठी उभं राहायचं तेच जर विसरलं तर त्याला कीर्तन कसं म्हणायचं? टाळकऱ्यांनी काय खांबासारखं उभं राहायचं? शेखलाल हुंकार भरत होता. उसाच्या दोन ट्रॉल्या रस्ता अडवून पुढे चालल्या होत्या, त्यामुळे गाडीही चालत होती बैलगाडीसारखी, आणि आप्पांना बोलायला वेळ मुबलक होता.

मागच्या सीटवर कस्तुराबाई काल्याचा द्रोण मांडीवर धरून बसल्या होत्या. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "म्हाराजांचं ध्रुपद राहिलं म्हनून मघाधरनं बोलताय. आपल्या सहलीचं ध्रुपद काय व्हतं, ते सांगा की."

आप्पांनी मान वळवली. "समुद्र," ते म्हणाले.

"मग त्यो कुठं उचललाय तुम्ही? समद्यांचं दृष्टान्त घेतलं. गुर्जींचं कीर्तन घेतलं, सुनंचं फोटू घेतलं, देव घेतलं, या शेखलालभाऊची बोटसुदिक घेतली."

"वहिनी, हे बरीक खरं बोललात," शेखलाल म्हणाला.

"तुम्ही म्होरं बघा, ट्रॉली हाय."

शेखलाल पुढे बघायला लागला. आप्पा म्हणाले, सांज तर बोटीत ठेवलीच आहे ना.

कस्तुराबाईंचा आवाज चढला नाही. वाण्याकडून काय आणायचं ते सांगावं तशा त्या बोलत होत्या. "चाळीस वरसं तुमच्या संगं कीर्तन ऐकतीय. जो म्हाराज येतो त्यो सांगतो, भवसागर तरा. पल्याड जा. पल्याड जायचं तर जाऊच कवातरी, त्यो नेईल तवा. पर इतक्या वरसांत एकबी म्हनला न्हाई की बाई, जरा काठाला बस, कसा हाय त्यो बघ तरी. मला काठाला बसायचंय. बोटीत बसून तरायचं न्हाई."

ट्रॉली वळली आणि रस्ता मोकळा झाला. शेखलालनं गाडी काही पळवली नाही.

आप्पा घरी आले, जेवले आणि मोटार चालू करायच्या निमित्तानं मळ्यात गेले. मोटार चालू झाली तरी माघारी आले नाहीत. भीमेच्या काठाला पंपाच्या दगडावर बसून राहिले. टाळ छातीशी धरून, ओळ ओठावर घेऊन उभं राहणं काय असतं हे त्यांना आजच मंडपात कळलं होतं, आणि कस्तुराबाई महिनाभर तशाच उभ्या होत्या. हे ध्यानात आल्यावर त्यांना आपल्याच घरात आपण त्या तरुण महाराजांसारखे वागलो असं वाटलं. समोर दौंडच्या अंगाला उसावर ऊन उतरत होतं. त्यांनी खिशातून फोन काढला, परत ठेवला, परत काढला.

दत्तागुरुजींनी पहिल्याच घंटीला उचलला. मंडप झाला, कोकणी मंडळी आप्पांची वाट बघताहेत, टाळ चांगले आणा, हे सगळं ते एका दमात बोलले. आप्पांनी त्यांना बोलू दिलं आणि मग सांगितलं की उत्सवाच्या रात्री येणं व्हायचं नाही. सांज अलीकडच्या काठावर काढायची आहे, आणि दिवस बुडल्यावर बोट धरून, तिथून अंधाराचा रस्ता कापत वेळेवर काही पोचणं होत नाही. कारण विचारलं तेव्हा खोटं न बोलता कस्तुराबाईंचं नाव घेतलं.

मग गुरुजी म्हणाले, "म्हंजी यंदाबी मी एकटाच."

गुरुजींनीच विषय पुढे नेला. हरिहरेश्वराला गर्दी असते, देवळापासून जरा लांब जाऊन बसा, म्हणाले. ओहोटी असली तर ओल्या वाळूतून पुष्कळ आत चालता येतं. वहिनींना चपला हातात घ्यायला सांगा.

दिवेलागणीला आप्पा घरी आले. मोनाली नि विश्वजीत टीव्हीसमोर होते. कस्तुराबाई देवापाशी वात लावत होत्या. आप्पांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की हरिहरेश्वरच्या पुढे जायचं नाही. दुपारी देवदर्शन उरकायचं आणि मग काठाला बसायचं. मुक्कामही तिथंच. विश्वजीतनं डोळे बारीक करून विचारलं, मुक्काम काठालाच आहे म्हटल्यावर रात्रीच्या जेवणाचं कसं? आप्पा म्हणाले, तू आणि मोनाली लांबच्या खानावळीत जा, आणि येताना हात धुऊन या. मोनाली हसू लपवायला स्वयंपाकघरात गेली.

कस्तुराबाईंनी वात सारखी केली. आप्पांच्या तोंडाकडे नीट बघितलं. "गुर्जी काय म्हनले?"

"चपला हातात घ्यायला सांगितल्यात."

"आनि?"

"आनि काय न्हाई."

त्यांना ते 'काय न्हाई' कळलं. देवापुढून उठून त्या आप्पांच्या शेजारी चटईवर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, रविवारी सकाळी पहिल्या बोटीनं शेखलालभाऊंची गाडी पलीकडे घेऊन जा. त्यांची हौस होईल. तुम्ही गुरुजींकडे चहा घ्या, रात्रीचं कीर्तन कसं झालं ते विचारा, त्यांनी म्हणायला लावलं तर म्हणा दोन अभंग, आणि दुपारच्या आत माघारी या.

"आन् तू?"

"मी बसते की अल्याड. सकाळचा कसा दिसतो त्येबी बघते."

आप्पांनी शेखलालला फोन लावून बदललेला बेत सांगितला. गाडी पाण्यावर जाणार एवढंच त्यानं ऐकलं. बाकीचं परत विचारून घेतलं.

शुक्रवारी सामान बांधताना आप्पा पिशवी उघडी ठेवून बराच वेळ उभे राहिले. नवी दोरी ओवलेले टाळ कोनाड्यातच होते. शेवटी त्यांनी विचारलं, "टाळ घेऊ का?"

कस्तुराबाई शेंगदाण्याची चटणी डब्यात भरत होत्या. त्यांनी झाकण लावलं, डबा पिशवीत एका बाजूला सारला आणि टाळांना जागा केली.

"घ्या," त्या म्हणाल्या. "पर दिवस बुडंस्तवर पिशवीतनं काढायचं न्हाईत."