दुखवट्याची सभा

त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यातली ती सकाळ नेहमीसारखीच उजाडली. सहादेवाने शेळी सोडली, चुलीपाशी बसून गुळाचा कोरा चहा घेतला आणि तो बायकोबरोबर वस्तीच्या विहिरीवर गेला. पाणी खोल गेले होते. मुक्ताबाई काठावरच्या दगडावर पाय रोवून हातांनी दोर ओढू लागली. तिच्या कमरेला बांधलेल्या जुन्या धोतराचे टोक धरून तो मागे उभा राहिला. गेल्याच आठवड्यात शेजारची गोजरबाई याच दगडावरून आत गेली, ती मेलेलीच बाहेर निघाली.

विहिरीसाठी लोखंडी कप्पी नव्हती असे नाही. दुष्काळ पडला तेव्हाच ती खरेदी होऊन पारनेरकडच्या त्या गावच्या ग्रामपंचायतीत, सरपंचांच्या खुर्चीमागे विसावली होती. बसवायला ठराव हवा होता आणि ठरावाला सभा. सभा होतही असे. परंतु सरपंच आप्पासाहेब मृतांविषयी अत्यंत आदर बाळगणारे गृहस्थ होते. आरंभी दुखवटा, दोन मिनिटे स्तब्धता, मग सभा तहकूब, असा त्यांचा दंडक. कुणा मंत्र्याचे सासरे, कारखान्याच्या संचालकाची आत्या, एकदा तर स्वतःचा शर्यतीचा बैल. शोकाची टंचाई गावाला कधी जाणवली नाही. वस्तीने त्यांना मते दिली नव्हती, हा निव्वळ योगायोग.

दुपारच्या सभेत वस्तीचा एकुलता सदस्य म्हणून सहादेवाने विनवले, की आज कप्पीचा विषय आधी घ्यावा.

“आरं सहादेवा,” आप्पासाहेब कळवळून म्हणाले, “तुझ्याच वस्तीची बाई गेली. तिचा दुखवटा न्हाई करायचा व्हय?”

“करा की, आप्पा. पर कप्पी?”

“ती फुडच्या सभेत. कप्पी काय पळून चाललीय?”

जिवंतपणी कधी कचेरीची पायरी न चढलेल्या गोजरबाईच्या कष्टाळू स्वभावाचे मग यथोचित वर्णन झाले. सारे उठले. आप्पासाहेबांनी टोपी सारखी करून डोळे मिटले.

उद्या पहाटे मुक्ताबाई पुन्हा त्याच दगडावर उभी राहणार होती. सहादेव रांगेतून बाजूला झाला, खुर्चीमागे वाकला आणि त्याने कप्पी खांद्यावर घेतली. लोखंड किणकिणले. आप्पासाहेबांचा एक डोळा उघडला, मग दुसरा. पण स्तब्धता त्यांनीच पुकारलेली. ती मोडणे म्हणजे मृताचा अपमान. ते नुसते लाल होत गेले.

दिवस मावळायच्या आत नवराबायकोने विहिरीवर दोन मेढी रोवल्या आणि कप्पी बसवली.