जावयाने चढवलेले पाटे

जावयाने जीपच्या पोटाखाली डोकं घातलं, तशी साहेबांनी आपली खुर्ची सावलीतून उचलून त्याच्या पायांसमोर आणून मांडली. ऊन लागलं तर लागू दे, पण हा तमाशा नीट दिसायला हवा होता.

"जावईबापू, पाना उलटा धरलाय," ते म्हणाले.

पाना सुलटाच होता. तरी जावयाने तो बाहेर काढून एकदा बघितला, आणि साहेबांची सकाळ सार्थकी लागली.

साहेब म्हणजे गाड्या पास-नापास करणाऱ्या खात्यातले निवृत्त निरीक्षक. उभी हयात त्यांनी लोकांच्या गाड्यांखाली वाकून बघण्यात आणि नकारार्थी मान हलवण्यात घालवली. निवृत्तीनंतर गाड्या यायच्या थांबल्या, मान मात्र थांबली नाही. आता ती घरच्या माणसांवर हलायची आणि सगळ्यात जास्त या जावयावर. हा शाळेत चित्रकला शिकवायचा. म्हणजे पोरं भोपळे काढायची आणि हा त्यांत रंग भरून घ्यायचा. आता तीही नोकरी सोडून बसला होता. का, तर बायकोला डोंगरावरच्या जनावरांच्या दवाखान्यात जागा मिळाली म्हणून. बायकोचा पदर धरून डोंगर चढणारा नवरा साहेबांनी आजवर पाहिला नव्हता.

मुलगी गुरांची डॉक्टर. शहरातल्या औषध कंपनीत साहेबांनी तिच्यासाठी पंख्याखालची नोकरी ठरवून ठेवली होती. तिने ती हसून नाकारली आणि ही जुनी फोर-व्हील जीप घेतली. वरचा रस्ता म्हणजे नुसते दगडगोटे आणि मध्ये मध्ये ओढे. जीपचे मागचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या, इतके कडक की एक चाक दगडावर चढलं की दुसरं हवेत उचललं जायचं आणि तिथेच गरगर फिरत बसायचं. म्हणून जावई ते बदलत होता. नवे पाटे लांब आणि मऊ, जोडीला शॉकअपही लांब. खड्डा आला की चाक खाली उतरून जमिनीला टेकणार आणि गाडी पुढे जाणार. हे सगळं ज्ञान त्याने मोबाइलवर व्हिडिओ बघून मिळवलं होतं. मोबाइलवर बघून पोहायला शिकलेला माणूस जसा पोहेल तशीच ही गाडी जाणार, असं साहेबांचं मत होतं आणि ते त्यांनी सकाळपासून दोनदा ऐकवलंही होतं.

"बसल्या जागेवरून बोलायला काय जातं," चहा ठेवता ठेवता साहेबांच्या पत्नी म्हणाल्या. "सांगायचं तर नीट सांगा, नाहीतर त्याला करू द्या."

"करू दे की. मी कुठे हात धरलाय त्याचा?"

एक गोष्ट मात्र साहेबांच्या मनासारखी झाली होती. वर घर नीट लागेपर्यंत चार वर्षांची नात आजी-आजोबांकडे राहणार होती. तिचे कपडे आजीच्या कपाटात लागलेही होते. ही पोरगी आजोबांच्या मांडीवर बसून रस्त्यावरच्या गाड्या पास-नापास करायची, आणि साहेब तिच्या प्रत्येक निकालाला मान डोलावायचे. घरात त्यांच्याकडून होकार मिळवणारी तीच एकटी. शिवाय साहेबांचा हिशेब सरळ होता. वासरू गोठ्यात ठेवलं की गाय किती लांब जाते? महिनाभरात मुलगी मुकाट खाली येईल आणि पंख्याखाली बसेल.

जेवणाच्या आधी जावयाने नवे पाटे चढवून बोल्ट आवळले. गाडीचा सांगाडा लोखंडी घोड्यांवर उचललेला होता आणि मागच्या चाकांना जोडणारा ॲक्सल खाली लोंबत होता. साहेब कप ठेवायला वाकले, आणि त्यांना ते दिसलं. सांगाड्यावरून ॲक्सलकडे जाणारा ब्रेकचा रबरी पाइप. ॲक्सल आता पूर्वीपेक्षा वीतभर खाली आला होता आणि पाइप जुनाच, तेवढाच. कपडे वाळत घालायच्या दोरीसारखा ताणलेला. चाकं जमिनीला टेकली की तो सैल पडणार, कुणाला कळणारही नाही. पण दगडधोंड्यात चाक असंच पुरतं लोंबलं तर कधीतरी तो तुटणार, ब्रेकचं तेल सांडणार आणि पेडल दाबलं की ते सरळ तळाला जाणार.

साहेबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. इथे अंगणात, चार भिंतींना ऐकवून काय हशील? तो पाइप बदलेल, आभार मानेल, विषय संपेल. उद्या सकाळी साहेबांचा धाकटा भाऊ आणि भावजय निरोप द्यायला येणार होते. सगळे फाटकाशी उभे असताना, मुलगी स्टिअरिंगवर बसलेली असताना, एकच वाक्य टाकायचं. कोणाच्या भरवशावर डोंगरात चालली आहे, ते तिचं तिलाच कळेल. साहेबांनी मूग गिळले आणि आणखी एक चहा मागितला.

संध्याकाळी जावई साबणाने हात घासत होता. मुलीने चावी उचलली आणि ओढ्यापर्यंत एक फेरी मारून येते म्हणाली. नात तिच्या आधी धावत जाऊन पुढच्या सीटवर बसली. साहेब खुर्चीतून अर्धवट उठले. ओढ्याकडचा रस्ता काही एवढा वाईट नाही, त्यांनी मनाशी म्हटलं. चाक इतकं लोंबणार नाही. आणि ती चालवते सावकाश. नातीने खिडकीतून हात हलवला, त्यांनीही हलवला आणि ते परत बसले. गाडी येईपर्यंत हातातल्या वर्तमानपत्राचं पान काही उलटलं नाही.

परत आली तेव्हा नात खिदळत होती. आईने तिला ओढ्यातून पार पलीकडच्या खडकांवर नेलं होतं म्हणे. जावयाला तर आकाश ठेंगणं झालं होतं. पोटातलं पाणी हलत नाही, असं तो जो भेटेल त्याला सांगत सुटला. साहेब म्हणाले, "बघू."

सकाळी सामान चढलं. भावाने गाडीची उंची बघून तिचं कौतुक केलं, भावजयीने जावयाचं. साहेबांनी तेही होऊ दिलं. मुलीने नातीला आजीच्या कडेवर दिलं, तिचे दोन्ही गाल कुरवाळले आणि स्टिअरिंगवर जाऊन बसली. तेव्हा साहेब खाकरले.

"निघण्याआधी तुझ्या कारागिराला एक विचार. म्हणावं, चाक लोंबलं की मागच्या ब्रेकचा पाइप पुरतो का?"

जावई आधी हसला. मग त्याचं हसू गेलं. त्याने जॅक काढला, गाडी मागून उचलली आणि चाक लोंबू दिलं. पोटाखाली शिरून तो बराच वेळ आतच होता. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"चीर पडलीये पाइपला," तो बायकोला म्हणाला. "चूक माझीच. लांब पाइप घालायला हवा होता." मग तो सासऱ्यांकडे वळला. "बरं झालं बाबा, सांगितलंत."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तसा टोमणा मारायचीही याला अक्कल नाही, असं साहेबांना वाटून गेलं.

"दादा, तुझी नजर म्हणजे नजर," भाऊ म्हणाला. "कधी दिसलं तुला?"

"काल सकाळीच," साहेब म्हणाले. "या खुर्चीतून. माझ्या नजरेतून काय सुटतंय?"

मुलगी गाडीतून उतरली.

"काल सकाळी?" तिने विचारलं.

"मग! मी म्हटलं, बघू या जावईबापूंना आपलं आपण..."

भाऊ गाडीच्या चाकाकडे बघत होता. जावई हातातला पाना फडक्याने पुसत होता, तो पुसतच राहिला.

मुलीने आवाज चढवला नाही. बाजारातून लांब पाइप घेऊन ये, दुपारी निघू, असं तिने नवऱ्याला सांगितलं. मग आईजवळ जाऊन आपल्या लेकीला कडेवर घेतलं.

"आई, हिचे कपडे भर. ही आमच्याबरोबर येतेय."

"अगं, असल्या रस्त्याने?" साहेब म्हणाले. "घर तरी लागू दे आधी. पोर आहे ती."

"हो, पोर आहे," ती म्हणाली.

साहेबांनी पत्नीकडे बघितलं. अशा वेळी मध्ये पडून मुलीची समजूत घालायचं काम इतकी वर्षं त्याच करत आल्या होत्या. त्या दारापर्यंत गेल्या आणि उंबऱ्यावर थांबून मागे वळल्या.

"थंडीचे पण भरू का गं?" त्यांनी मुलीला विचारलं.

"भर."