पाय फाकलेलं पिल्लू

पहिला दिवस.
कावळ्याच्या भीतीनं अक्काबाईनं अंड्यातून नुकतीच निघालेली कोंबडीची पिल्लं खोक्यात वर्तमानपत्रावर ठेवली. गुळगुळीत कागदावर घसरून एकाचे पाय दोन्हीकडं फाकले. ते पोटावर पडून ओरडत राहिलं.

"घारीला टाक. न्हाय जगायचं ते," नवरा कचरू म्हणाला.

"तुमचा गुडघा गेला तवा तुमाला टाकलं का मी घारीला?"

सून अंजली बारामतीच्या दवाखान्यात नर्स होती. तिनं चिकटपट्टीची बारीक पट्टी कापून पिल्लाचे पाय जवळ बांधले. अक्काबाईनं कागद काढून गोणपाट अंथरलं.

दुसरा दिवस.
अक्काबाईनं पिल्लाला तळहातावर धरून पाणी पाजलं. कचरूनं तीनदा विचारलं, "प्यालं का?"

तिसरा दिवस.
गोडं तेल लावून अंजलीनं पट्टी सोडवली. पिल्लू उभं राहिलं. एक पाऊल टाकलं आणि डावा पाय पुन्हा सरकला. अक्काबाईला बघवेना.

"आत्या, सुधारलंय की. अजून दोन दिवस बांधू," अंजली सासूला म्हणाली.

कातर आणायला अक्काबाई वळली. उंबऱ्यावर कचरू बसला होता. त्याच्या हातात कातर होती आणि पिल्लासाठी कापलेली नवी बारीक पट्टी त्यानं गुडघ्यावर चिकटवून ठेवली होती.

"हळू बांध गं पोरी," तो म्हणाला. "कवळं हाय."