जनुकबाबाचं निळं पाणी

दवाखान्याच्या तळघरातल्या धुलाईखान्यात जेवणाची सुट्टी झाली की बायका डबे तसेच ठेवून इस्त्रीच्या टेबलाभोवती गोळा व्हायच्या. टेबलामागे पांढरा कोट घालून जनुकबाबा बसलेला असे. कोट याच धुलाईखान्यातून लांबवलेला होता, पण ते बोलून दाखवायची कुणाची छाती नव्हती.

"मेंदूतल्या जनुकांना ताणाचं कुलूप लागतं, बाई! विज्ञानाला कुलूप सापडलं, किल्ली माझ्याकडे आहे. थुंका!"

बाई ग्लासातल्या निळ्या पाण्यात थुंकायची, बाबा पुटपुटायचा आणि हळूहळू निळा रंग विरून पाणी नितळ व्हायचं. "उघडलं!" बाबा ओरडायचा आणि बायका हात जोडायच्या.

आज ताई आली होती ती धाकट्या बहिणीसाठी. ताई शाळेत विज्ञान शिकवायची, धाकटी इथे इस्त्री करायची. इथे मुकादमाचा आरडाओरडा, घरी अंथरुणाला खिळलेले सासरे, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. आधी तिची झोप गेली, मग हसणं. डॉक्टरांच्या गोळ्यांनी ती जरा माणसात येत होती, तर या भामट्याने फर्मान काढलं, "कुलूप उघडलं, गोळ्या बंद!" काल ती फोनवर ताईला म्हणाली होती, "माझी काळजी नको करूस आता." ते ऐकून ताईच्या काळजात धस्स झालं होतं.

ताईने बाबाच्या ग्लासाचा वास घेतला आणि आयोडीन ओळखून तिला हसूच आलं. बादलीत कपड्यांना द्यायची खळ होती, कपाटात जखमेला लावायचं आयोडीन. दोन ग्लासांत तिने पातळ खळ घेतली, आयोडीनचे थेंब टाकले. दोन्हींत पाणी निळंशार झालं.

गर्दीत कुजबुज सुरू झाली. आयोडीन सांडलेल्या, खळ दिलेल्या चादरींवरचे निळे डाग या बायका रोज घासून काढत होत्या. तोच रंग ग्लासात दिसला की मात्र चमत्कार!

"बाबा, या ग्लासावर मंत्र म्हणा. थुंकायचं कुणी नाही."

"जिथे श्रद्धा नाही तिथे..."

"म्हणा हो! जनुकं काय लाजतात?"

बाबा पुटपुटला, घामाघूम झाला. पाणी निळंच राहिलं.

दुसरा ग्लास ताईने गर्दी बघून आलेल्या मुकादमापुढे धरला. या गृहस्थाला ताण फक्त दुसऱ्यांना वाटता येत असे, स्वतःला कधी झालेला नव्हता. तो थुंकला. मंत्राशिवायच थोड्या वेळात पाणी नितळ झालं.

"अगं बाई, मुकादमाचंही उघडलं!" कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

"लाळ खळ पचवते, म्हणून रंग जातो. लाळ कुणाचीही चालते," ताई म्हणाली. तोवर बाबा कोट टाकून मागच्या दाराने पसार झाला होता.

धाकटी मात्र हसली नाही. "म्हणजे माझा आजारही खोटाच?"

"नाही गं! आजार खराच आहे. मेल्याने खरं शास्त्र चोरून त्याचा तमाशा केला. ताण फार काळ राहिला की मेंदूच्या पेशींत काही जनुकांचं काम मंदावतं, काहींचं नको तेवढं वाढतं. जनुकं तीच राहतात, त्यांच्या कामाचा ताळमेळ बिघडतो. त्यातून काही माणसांना नैराश्य येतं. ते ग्लासात दिसत नाही आणि थुंकून जातही नाही. औषध हवं, बोलणं हवं, डोक्यावरचा भार कमी व्हायला हवा. वेळ लागतो, पण माणूस बरं होतं."

धाकटीने ताईचा हात घट्ट धरला. "ताई, मला जगावंसंच वाटत नाहीये."

ताईला रडू फुटलं, पण तिने हात सोडला नाही. ती बहिणीला घेऊन तडक जिन्याकडे निघाली.

मनाचे डॉक्टर याच इमारतीत, दोन मजले वर बसत होते! आणि खाली माणसं ग्लासात थुंकत होती. मन आजारी पडलं तर लाजू नका, बाबा शोधू नका, डॉक्टर गाठा. आणि आपलं माणूस धाकटीसारखं बोललं, तर त्याला क्षणभरही एकटं सोडू नका.