खाडीही वाचवा

रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, खांदा कॉलनीतल्या कुमुदताईंना समन्वय पक्षाने महापालिकेचं तिकीट दिलं, ते खाडीकाठच्या कोळीवाड्याच्या भरवशावर. तिथली साडेतीनशे मतं तीस वर्षं पक्षाची होती. ती गेली की कुमुदताई पडल्या, इतकं सोपं गणित.

कोळीवाड्याचं दुखणं एकच. कुठल्याशा कारखान्याचं पाणी खाडीत येतं. कुमुदताईंनी स्वतः बाटली भरून आणून तपासली. मासळीला लिटरमागे चार मिलिग्रॅम तरी प्राणवायू लागतो. बाटलीत एकही नव्हता. त्यांनी पत्रकावर लिहिलं, ‘खाडी वाचवा.’

पत्रक पक्षाध्यक्ष उदयसिंहरावांकडे गेलं. दोन्ही डगरींवर हात ठेवून ठेवून या गृहस्थांचे हातच लांब झाले होते.

“ताई, भाषा फार जहाल आहे. कारखान्यातले कामगारही आपलेच मतदार.”

“दोनच तर शब्द आहेत.”

“तेच तर. कुणाला जागाच उरत नाही.” त्यांनी खिशातलं पेन काढून एकच अक्षर घातलं. ‘खाडीही वाचवा.’

एका अक्षराने काय बिघडतं, असं म्हणून कुमुदताईंनी पत्रक छापायला दिलं. एका थेंबाने द्रावणाचा रंग कसा पालटतो, हे तीस वर्षं मुलांना दाखवणारी बाई!

मासळीबाजारात कुमुदताईंसमोरच कमळाबाईला तिच्या नातीने पत्रक वाचून दाखवलं. कोळीवाडा मत देतो ते कमळाबाईला विचारून.

“खाडी... ही?” कमळाबाई म्हणाली. “म्हंजे आदी कोनाला वाचवायचं हाय?”

“तसं नाही हो. खाडी तर आहेच, पण नोकऱ्याही...”

“बगा, परत ही!” शेजारच्या बायका फिदीफिदी हसल्या. “ताई, गिऱ्हाईक इचारतं, निवट्या ताज्या हायत का? मी काय बोलू, ताज्याही हायत, शिळ्याही हायत? कोन घेल?”

“मत आम्हालाच ना, कमळाबाई?”

कमळाबाईने पाटीतल्या मासळीवर पाणी शिंपडलं. “तुमी चांगल्या हाव ना, ताई. समोरचेही चांगले.”

तिकडे कारखान्याच्या फाटकावर कामगारांनी तेच पत्रक वाचलं आणि ठरवलं, ही बाई आपल्या पोटावर उठली आहे.

कोळीवाड्यातून नऊ मतं पडली. कामगारांची किती, ते शोधायला कुणी गेलं नाही.

पक्षाची चिंतन बैठक भरली. चहा आला, बिनसाखरेचाही आला. ठराव लिहायचं काम कुमुदताईंकडे होतं. त्यांनी लिहिलं, ‘पक्षाचा पराभव झाला.’

उदयसिंहरावांनी कागद ओढून घेतला, पेन काढलं आणि दुरुस्ती केली. ‘पक्षाचा पराभवही झाला.’

“आणखी काय झालं?” कुमुदताईंनी विचारलं.

उदयसिंहरावांनी छताकडे पाहिलं. “त्यासाठी समिती नेमू.”

कुमुदताईंनी त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि ते अक्षर असं खोडलं की कागद फाटला.

“ताई,” उदयसिंहराव हळूच म्हणाले, “जरा जहाल होतंय.”