गोणपाटाची गाठ

मी दिवा बोलतोय. तेलवातीचा नव्हे. कारखान्याच्या आवारात उंच खांबावर लावतात ना, लोखंडी चौकटीतला, तो. आधीच शपथ घेऊन सांगतो, यातला शब्द न शब्द खरा आहे. चारशे वॅटच्या दिव्याला खोटं बोलायची गरजच काय? म्हणजे तसा मी दोनशेचा. कुणी पाठीवरचं स्टिकर वाचलंच तर दीडशेचा. पण बाकी सगळं खरं.

माझा जन्म कुरुळीतल्या एका पत्र्याच्या शेडमधला. परभणीकडची जयमाला नावाची बाई तिथं कामाला होती. तिनं माझे शेवटचे चार स्क्रू आवळले, एकदा पेटवून पाहिलं आणि डोळे बारीक करून शेजारणीला म्हणाली, "हे बेणं लईच डोळ्यावर येतंय बाई." तेच माझं बारसं.

पहिली नोकरी महाळुंग्याच्या एका कंपनीत, मालाच्या गेटवर. माझ्या माथ्यावर काचेचा एक बारका डोळा होता. अंधार पडला की मी आपोआप पेटायचो, उजाडलं की विझायचो. सहा वर्षांत एक खाडा नाही. माझ्याच उजेडात तिसऱ्या पाळीची माणसं रांगेत उभी राहून, हात पुढे करून सुरक्षेची शपथ घ्यायची. माझ्या खांबावर पिवळी पाटी होती : 'अंधार म्हणजे अपघात'. एकदा उसातून एक बिबट्या आला, कंपाउंडच्या भिंतीवर बसला, माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून निघून गेला. वॉचमनचं म्हणणं, ते मांजर होतं. होतं मांजरच. पण मोठं होतं.

मग कंपनीनं नवे दिवे आणले आणि माझी रवानगी भंगारात झाली. तिथून मला उचललं मेंटेनन्समधल्या संघर्षनं. साहेबाच्या मागे लागून त्यानं माझा गेट पास काढला. एवढी धडपड कशासाठी, ते मला त्याच्या खोलीवर कळलं. संघर्ष कोकणातला, समुद्रकाठच्या एका गावचा. गावाचं नाव सांगत नाही, उगाच बदनामी नको. घरी फक्त आई सोजरबाई आणि वडील भीमराज. भीमराजबाबांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू. संध्याकाळी अंगणात ठेचकाळून ते दोनदा पडले होते आणि दोन्ही वेळा संघर्षला ते आठ दिवसांनी फोनवर समजलं होतं. "मी तिथं नाय, निदान उजेड तरी असू दे," असं तो खोलीतल्या दोस्ताला म्हणाला. चौदा एप्रिलला जोडून त्यानं चार दिवसांची सुट्टी घेतली आणि मला मांडीवर घेऊन एसटीनं गावी नेलं.

आता भीमराजबाबांविषयी सांगायला हवं. त्यांचं घर वाळूला लागून, सुरूच्या बनाच्या कडेला; अंगण आणि किनारा यांच्यात फक्त एक बांध. त्या किनाऱ्यावर हिवाळ्यापासून समुद्री कासविणी अंडी घालायला येतात. तरुणपणी बाबाही इतरांसारखी ती अंडी उकरून आणायचे. मग वनखात्याची माणसं आली, आणि बाबा बदलले. गेली अठरा वर्षं ते राखणदार. पहाटे किनारा चालायचा, कासविणीचा माग काढायचा, अंडी टोपलीत भरून जाळीच्या कुंपणात नेऊन पुरायची. कोल्ह्याला, कुत्र्याला, रानडुकराला चकवायचं. त्यांच्या गळ्यात शिट्टी आणि कुंपणाची किल्ली असायची. हातातल्या बॅटरीवर लाल फडकं बांधलेलं, कारण पिल्लांना पांढरा उजेड चालत नाही. वाळूतून बाहेर आलेलं पिल्लू जिकडे उजळ दिसेल तिकडे चालतं. अठरा वर्षांपासून नव्हे, जगाच्या आरंभापासून तो उजळपणा समुद्राचाच असतो.

आणि तिथं गेलो मी.

संघर्षनं मला अंगणातल्या खांबावर चढवलं. बाबा खाली उभे.

"तोंड घराकडं कर त्याचं."

"घराकडंच हाय, बाबा."

"तरी नको. त्या बांधाखाली एक घरटं राहिलंय. माग उशिरा सापडला, तवा अंडी हलवली नाहीत मी. आज-उद्या फुटतील."

सोजरबाई पायरीवर मासे साफ करत होती. ती म्हणाली, "जन्म गेला माझा काळोखात चाचपडण्यात. तेव्हा नाय कुणाला दया आली. कासवांची मात्र झोपमोड होता नये."

"तू अंडी घालायला गेलीस बांधाखाली, तर तुझ्यासाठी पण विझवीन."

"बघ रे, संघर्ष, काय बोलतो म्हातारा. हा दिवा बरा, सांगितल्या वेळेला ड्युटीवर येतो. तुझ्यासारखा नाय."

संघर्ष हसला, पण ते बोलणं त्याला लागलं. माझ्यावर त्याची बोटं जराशी थांबली, म्हणून मला कळलं.

शेवटी तोडगा निघाला. अंडी फुटेपर्यंत संध्याकाळी माझ्या तोंडावर गोणपाट बांधायचं. बाबांनी स्वतः शिडी लावली, एक डोळा मिटून सुतळीची गाठ मारली, दोनदा ओढून पाहिली. मला राग आला. सहा वर्षं ज्याच्या उजेडात ट्रक मागे घेतले, त्याला गोणीत कोंबायचं. पण गोणीतूनही मी पेटायचो. सवय.

पहिली रात्र बाबा बांधावर बसले. दुसऱ्या रात्री त्यांना ताप होता. सोजरबाईनं ओढून घरात नेऊन झोपवलं. संघर्ष पडवीत होता. आणि मध्यरात्रीनंतर केव्हातरी अचानक वारा सुटला, सुतळी तुटली, गोणपाट उडालं, आणि मी पूर्ण पेटलो.

ती आली तेव्हा मला आधी किडेच वाटले. मग दिसलं, इवलाली काळी पिल्लं, वल्ह्यांसारखे पाय मारत, बांधाची चढण चढून, समुद्राकडे पाठ करून माझ्याकडे येताहेत. खरं सांगतो, मला आनंद झाला. आयुष्यभर माझ्याकडे पाकोळ्यांशिवाय कुणी आलं नव्हतं. माणसं माझ्याखालून डोळ्यांवर हात धरून जायची. ही थेट माझ्याकडे बघत येत होती. मी, एवढा जुना दिवा, मनात म्हणालो, या, या.

ती खांबाशी येऊन थांबली. इथं पाणी नव्हतं. सारवलेलं अंगण होतं. काही गोल फिरली, काही चुलीसाठी रचलेल्या लाकडांत शिरली. मग अंगणाच्या कुंपणापाशी एक कोल्हा आला. उजाडता उजाडता कावळे आले. माझा काचेचा डोळा सकाळ झाल्याशिवाय मला विझू देत नाही. मी शेवटपर्यंत नीट दाखवत राहिलो, कोण कुठं आहे ते.

सोजरबाईनं सुपात वेचून जिवंत होती तेवढी पाण्याच्या कडेला नेली. अकरा होती. बाकी किती, कुणालाच माहीत नाही, कारण ती अंडी कुणी मोजलीच नव्हती.

बाबा तापात बाहेर आले. खांबावर गोणपाट एका बाजूनं लोंबत होतं.

"मी बांधलं होतं ना रे?"

"वारा सुटला होता, बाबा," संघर्ष म्हणाला. "जोराचा."

बाबा बांधावर गेले आणि वाकून वाळू पाहू लागले. वाळूवर पिल्लांच्या पायांची नक्षी जशीच्या तशी होती, एकेक ठसा स्पष्ट. वाऱ्यानं एक कण हललेला नव्हता. अठरा वर्षं माग काढणाऱ्या माणसाला ते कळायला वेळ लागला नाही. पण त्यातून त्यांनी जे काढलं, ते असं की गाठ मारायला आपणच विसरलो, आणि पोरगा आपल्याला सांभाळून घेतोय.

ते परत आले. संघर्षच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "असेल. वाराच असेल."

त्याच दिवशी त्यांनी गळ्यातली शिट्टी आणि किल्ली काढून वनरक्षकाच्या हातात दिली. "माझ्या डोक्याचा भरवसा नाय आता," एवढंच बोलले.

मी आता पुन्हा कुरुळीत आहे, संघर्षच्या खोलीवर, त्याच्या कॉटखाली, त्याच गोणपाटात गुंडाळलेला. भंगारवाला दोनदा येऊन गेला, संघर्ष मला देत नाही. बाहेर काढून लावतही नाही. पुन्हा थंडी पडलीय, म्हणजे तिकडे कासविणी यायला लागल्या असतील. साप्ताहिक सुट्टीला घरून फोन येतो. संघर्ष तो स्पीकरवर टाकून भाकरी भाजतो, म्हणून मलाही ऐकू येतं.

"बाबा, किनाऱ्यावर जाता का?"

"नाय रे. गोळी घेतली का नाय ते पण तुझ्या आईला विचारावं लागतं. आपल्या हातून परत काय व्हायला नको."

मागून सोजरबाई म्हणते, "दिवसभर गाठी मारून सोडून बघतो हा. सुतळी घेऊन बसतो. तूच सांग काहीतरी याला."

भाकरी करपल्याचा वास येतो. संघर्ष तवा उतरवतो. फोन ठेवल्यावर खाली वाकतो, मला बघतो, आणि गोणपाट नीट करून पुन्हा आत सरकवतो.

सुरुवातीला मी शपथ घेतली होती. वॅटचं खोटं होतं, बिबट्याचं खोटं होतं, ते तुम्ही तेव्हाच ओळखलंत. राहिलं एक. ते मी बनवलेलं नाही, संघर्षचं उचलून तुम्हाला सांगितलं. इतक्या वेळा ऐकलं की मलाही तसंच आठवायला लागलं होतं.

त्या रात्री संघर्ष म्हणाला होता, "तुम्ही झोपा बाबा, मी बघतो." सलग दोन पाळ्या करून आणि एसटीत रात्र काढून तो आला होता, ती झोप त्याची अजून फिटली नव्हती. कुंपणाशी कोल्हा खसपसला. काळोखात राखण कशी करायची, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं, त्याला पिवळी पाटी पाठ होती. पाच मिनिटं उजेड करू, म्हणून तो शिडीवर चढला. सुतळी सुटेना. त्यानं दातांनी सोडवली. मग पडवीत टेकला, आणि उजाडेपर्यंत उठला नाही.

मी तिथंच होतो. मी त्याला उजेड दिला, आवाज मला देता आला नाही. हाक न दिल्याचा बोल मात्र मी लावून घेतो, कारण त्या रात्री आवाज असता तरी मी गप्प बसलो असतो. ती पिल्लं माझ्याकडे येत होती ना.

संघर्ष, फोन लाव. माझी आता एवढीच मागणी आहे. मला भंगारात दे, फोड, काहीही कर, पण आधी फोन लाव.

आणि तो लावेपर्यंत, तुमच्यापैकी कुणी त्या किनाऱ्याला गेलंच, तर वाळूला लागून असलेल्या घरात सुतळी घेऊन बसलेल्या म्हाताऱ्याला एवढं सांगा : भीमराजबाबा, त्या रात्री वारा नव्हता. तुमची गाठ पक्की होती.